साखळी कंपनीत नाव घालण्यापूर्वी



उसाचे बिल बँकेत जमा झाले की गावात पाहुण्यांची ये-जा वाढते. खताचे, ठिबकचे, ट्रॅक्टरचे लोक येतात, तसे अलीकडे साखळी कंपन्यांचेही लोक येतात. फरक एवढाच, की ट्रॅक्टरवाला अनोळखी असतो आणि साखळीवाला म्हणून दारात उभा राहतो तो आपलाच भाचा, मेहुणा, नाहीतर शाळेतला जुना सोबती. बरोबर टाय बांधलेला एक 'साहेब' असतो. "मामा, विकायचं काही नाही. फक्त सहा माणसं जोडायची, पुढचं आपोआप चालतंय," असे सांगितले जाते. चहा होतो, वहीवर गोल काढून दाखवले जातात, आणि उठता उठता पाच-दहा हजारांची गोष्ट निघते.

या धंद्याला कोणी नेटवर्क मार्केटिंग म्हणतात, कोणी डायरेक्ट सेलिंग. सरकारी कागदात थेट विक्री असा शब्द आहे. हा सगळाच धंदा लबाडीचा आहे असे म्हणणे बरोबर होणार नाही. कायद्याने त्याला जागा दिलेली आहे, आणि घरोघर माल विकून संसाराला हातभार लावणाऱ्या भगिनीही आहेत. पण कायद्याने बंदी घातलेल्या योजना हाच पोशाख घालून फिरतात, आणि दारात आलेला भाचा यातला कोणता हे बऱ्याचदा त्याचे त्यालाही माहीत नसते. तेव्हा नाव घालायचेच असेल तर कंपनी कशी पारखावी, याचा विचार आपणच केला पाहिजे.

पैसा येतो कोठून?

पहिला प्रश्न हाच विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत दुसरा विचारू नये. आपल्या कारखान्याचे उदाहरण घ्या. आपला ऊस गव्हाणीत पडतो, त्याची साखर होते, ती साखर मुंबईचा, कलकत्त्याचा, कुठला कुठला माणूस विकत घेतो. त्याने दिलेल्या पैशातून आपले बिल निघते. तो माणूस कारखान्याचा सभासद नसतो. त्याला कारखान्याचे नावही ठाऊक नसते. त्याला फक्त चहात घालायला साखर हवी असते. धंदा खरा आहे याचा पुरावा हा बाहेरचा गिऱ्हाईक.

साखळी कंपनीलाही हेच लावून पाहावे. तिचा साबण, तिची पावडर, तिचे तेल साखळीत नसलेला माणूस, कमिशनची आशा नसताना, केवळ वस्तू चांगली म्हणून विकत घेतो काय? घेत असेल तर तेथे विक्री आहे. माल घेणारे सगळे साखळीतलेच असतील, आणि तेही पुढे कमिशन मिळावे म्हणून घेत असतील, तर तेथे विक्री नाही. तेथे नव्या माणसाने भरलेले पैसे जुन्या माणसाला वाटले जातात, आणि साबण नुसता निमित्ताला असतो. आणखी सोप्या भाषेत विचारायचे तर, "उद्यापासून एकही नवा माणूस जोडला गेला नाही, तर तुम्हाला या महिन्याचे पैसे मिळतील का?" हा प्रश्न विचारल्यावर साहेबाच्या तोंडाकडे पाहावे.

काही बोलके वक्ते यावर सांगतात, "सहकार तरी काय आहे? तीसुद्धा साखळीच." विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणी-प्रवरेच्या भागात गावोगाव फिरून भागभांडवल जमवले, हे खरे आहे. माणसाने माणसाला सांगितले, हेही खरे. पण त्या पैशातून कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात तेथे ऊस गाळला गेला. शेजाऱ्याला भाग घ्यायला लावला म्हणून कोणाला त्या भागातून टक्केवारी मिळत नव्हती. मिळाला तो उसाचा दर, आणि तो ज्याने जेवढा ऊस घातला त्याला तेवढा. आधी सभासद झालेला वर आणि मागून झालेला खाली, अशी उतरंड सहकारात नाही. दोघांना मत एकच. या दोन गोष्टींची तुलना करणाऱ्याला आपण हसून सोडून द्यावे हे बरे.

सहाचा पाढा

आता त्या वहीतल्या गोलांकडे येऊ. "तुम्ही सहा जोडा, ते सहा प्रत्येकी सहा जोडतील." ऐकायला सोपे वाटते. आपणही बेणे वाढवतोच. बेणे मळ्यातल्या एका एकरात आठ-दहा एकरांची लागण होते, पुढच्या वर्षी त्यातून आणखी. पण शेतकऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते की रान संपले की लागण संपली. गोल काढणारा नेमके रान मोजत नाही.

आपण मोजू. पहिल्या ओळीत ६, दुसऱ्या ओळीत ३६, तिसऱ्या ओळीत २१६, चौथ्या ओळीत १,२९६. पाचव्या ओळीला ७,७७६ माणसे लागतात. पाच हजार वस्तीचे गाव तान्ह्या पोरासकट जोडले तरी ती ओळ पुरी होत नाही. नवव्या ओळीला एक कोटीच्या वर माणसे लागतात, आणि २०११ च्या जनगणनेत सगळ्या पुणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ९४ लाख होती. तेराव्या ओळीला १,३०६ कोटी लागतात. तेवढी माणसे पृथ्वीवर नाहीत.

याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. पाच ओळी अगदी ठरल्याप्रमाणे भरल्या असे धरू. एकूण माणसे झाली ९,३३०. त्यातली ७,७७६ शेवटच्या ओळीत, म्हणजे शंभरातली ८३. त्यांच्याखाली कोणी नाही, म्हणून त्यांना काही नाही. आणखी एक ओळ वाढवली तरी प्रमाण तेच राहते, फक्त रिकाम्या हाताची माणसे सहापट होतात. योजना फसली म्हणून हे होते असे नाही. योजना उत्तम चालली तरी शंभरातले ८३ रिकामेच राहतात. कोणी म्हणेल, आम्ही लवकर शिरलो. असेल. पण मग बाकीचे ८३ कोण? आपल्याच वाडीतले, आपल्याच भावकीतले.

दुसरी एक पद्धत डाव्या-उजव्या बाजूची आहे. आपल्याखाली दोनच माणसे, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि दोन्ही बाजूंची जोडी जुळेल तेवढ्याचेच पैसे. ही पद्धत बैलगाडीसारखी आहे. एक बैल कितीही पळाला तरी गाडी चालते ती मागे राहणाऱ्या बैलाच्या चालीने. डावीकडे शंभर माणसे आणि उजवीकडे तीन असली तर जोड्या तीनच. मग उजवी बाजू 'बॅलन्स' करण्यासाठी माणूस बायकोच्या नावाने आयडी लावतो, मग आईच्या, मग नुकत्याच अठरा पूर्ण झालेल्या मुलाच्या. घरातून पैसे गेले चार वेळा आणि गिऱ्हाईक मिळाले शून्य.

महिन्याची खरेदी

जॉइनिंगची फी नाही, असे सांगून महिन्याला ठरावीक खरेदी लावणाऱ्याही कंपन्या आहेत. तेवढा माल उचलला नाही तर खालच्या लोकांवरचे कमिशन त्या महिन्यात बुडते. समजा, महिन्याला ३,००० रुपयांची खरेदी आहे. वर्षाला ३६,००० झाले. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने जाहीर केलेली एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आहे. म्हणजे दहा टनांहून अधिक ऊस त्या साबण-पावडरीत गेला. तोडणी-वाहतूक वजा केली तर आणखी जास्त. त्यावर मीटिंगला जाण्याचे पेट्रोल, सेमिनारचे तिकीट, हॉटेलचा खर्च. साहेब मोबाईलवर चेकचा फोटो दाखवतात. त्यांच्याकडे चेक नको, वर्षाचे पासबुक मागावे, आणि आत आलेल्या रकमेच्या जोडीला बाहेर गेलेली रक्कमही पाहावी.

वस्तूच्या किमतीचेही तसेच. तालुक्याच्या बाजारात तीच वस्तू, तेवढ्याच वजनाची, काय भावाने मिळते हे पाहावे. थोडी महाग असेल तर एक वेळ चालेल, घरपोच मिळते. पण तिप्पट असेल तर बाहेरचा गिऱ्हाईक ती का घेईल? आणि तो घेणार नसेल, तर पुन्हा आपण पहिल्या प्रश्नापाशी आलो.

कायदा काय म्हणतो

पैशाची साखळी चालवण्यावर १९७८ सालापासून बंदी आहे. बक्षीस चिटफंड व पैसा फिरवण्याच्या योजनांना बंदी घालणारा तो केंद्राचा कायदा. त्याच्या तिसऱ्या कलमात एक बारीक गोष्ट आहे आणि ती सभासदांनी नीट वाचावी. बंदी फक्त योजना चालवणाऱ्याला नाही. तीत सभासद म्हणून नाव घालणाऱ्यालाही आणि भाग घेणाऱ्यालाही आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची होऊ शकते. दहा शेजाऱ्यांना जोडणारा माणूस स्वतःला फसलेला समजतो. पोलिसांच्या कागदात मात्र तो एजंट ठरू शकतो.

थेट विक्रीबाबत केंद्राने २०१६ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली नियमच केले. २०१६ च्या सूचनांचे सार असे की प्रवेश फी नको, नुसता माणूस भरती केल्याचा मोबदला नको, आणि वाजवी मुदतीत विकला जाणार नाही एवढा माल विक्रेत्याच्या गळ्यात मारू नये. २०२१ च्या नियमांनी पिरॅमिड आणि पैसा फिरवण्याच्या योजना थेट विक्रीच्या नावाखाली चालवण्यास मनाई केली. कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय भारतात हवे. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय कोणाच्या घरी जाऊ नये. "तुम्ही आणखी गिऱ्हाईक आणून द्या, म्हणजे तुमचे पैसे वसूल होतील," असे सांगून माल विकण्यालाही मनाई आहे. आता आपल्या दारात झालेली बोलणी आठवून पाहावी. हेच वाक्य किती वेळा ऐकले?

नाव मोठे म्हणजे काम चोख, असेही धरून चालू नये. अॅमवे ही या धंद्यातली जगभर पसरलेली कंपनी. अमेरिकेत १९७९ साली तिच्या पद्धतीची चौकशी होऊन ती पिरॅमिड नाही असा निर्णय झाला. त्यात तिचे तीन नियम महत्त्वाचे ठरले. घेतलेल्या मालापैकी ७० टक्के माल विकलेला असावा, महिन्याला निदान दहा गिऱ्हाइकांना विक्री असावी, आणि न खपलेला माल कंपनीने परत घ्यावा. याच कंपनीची योजना २००७ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९७८ च्या कायद्यात बसणारी मानली, आणि २०२२ साली सक्तवसुली संचालनालयाने पिरॅमिड पद्धतीचा आरोप ठेवून तिची सुमारे ७५७ कोटींची मालमत्ता तात्पुरती जप्त केली. आरोप म्हणजे निकाल नव्हे. पण कोणी "आमची कंपनी जागतिक आहे" म्हणाला तर एवढ्याने आपला प्रश्न मिटत नाही. अमेरिकेतले ते तीन नियम मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहेत, कारण ते आपल्या गावातही तपासता येतात. भाच्याला विचारावे, "गेल्या महिन्यात साखळीबाहेरच्या किती जणांना माल दिलास? दहा नावे सांग."

कागद दाखवतात त्यांचेही थोडे सांगतो. कंपनी नोंदणीचा दाखला, जीएसटी क्रमांक, पॅन, हे सगळे फ्रेम करून दाखवले जाते. हे कागद कोणत्याही कंपनीला काढावेच लागतात. सातबारा आहे म्हणून रानात चांगला ऊस आहे असे होत नाही, त्यातलाच प्रकार. पाहायचा कागद निराळा आहे, तो म्हणजे लेखी करार. तो सही करण्याआधी घरी आणावा, इंग्रजीत असेल तर जाणकाराकडून वाचून घ्यावा. करार रद्द करायला किती दिवस मिळतात, न विकलेला माल परत घेतात का आणि किती कापून, कमिशन कशावर मिळते, तक्रार कोणाकडे करायची, एवढे त्यात असलेच पाहिजे. करारच देत नसतील तर चहा पाजून निरोप द्यावा.

उसावरची बाटली

आपल्या भागात या कंपन्यांचा जोर आता शेतीच्या मालावर आहे, आणि त्याची मला जास्त काळजी वाटते. साबण महाग पडला तर नुकसान शे-दोनशेचे. उसावर काय फवारले जाते त्यावर वर्षाचे पीक अवलंबून असते. "एकरी शंभर टन", "युरिया निम्मा करा", "हुमणी पुन्हा दिसणार नाही" अशी छापील पत्रके येतात. बाटलीवर घटक कोणते, प्रमाण किती, याचा पत्ता नसतो.

खत विकायला १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणे कृषी खात्याची मान्यता लागते. कीटकनाशक विकायला १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली परवाना लागतो. टॉनिक म्हणून विकली जाणारी बायोस्टिम्युलंट ही पूर्वी कोणत्याच कायद्यात बसत नव्हती. २०२१ साली तीही खत नियंत्रण आदेशाखाली आणली गेली. तेव्हा "हे खत नाही, औषध नाही, हे नैसर्गिक आहे, याला परवाना लागत नाही," हे बोलणे तसेच्या तसे मान्य करू नये. परवाना असलेल्या दुकानदाराकडून पक्के बिल मिळते. त्यावर लॉट क्रमांक असतो. पीक जळाले तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे घेऊन जाण्यास हातात काहीतरी असते. चुलतभावाने पिशवीतून काढून दिलेल्या बाटलीचे बिल कोण देणार? आणि भावावर तक्रार तरी कोण करणार?

वापरून पाहायचेच असेल तर सगळ्या रानात नको. दोन-तीन गुंठ्यांत वापरावे, शेजारच्या तेवढ्याच गुंठ्यांत वापरू नये, बाकी खत-पाणी सारखे ठेवावे, आणि तोडणीच्या वेळी दोन्हीचे वजन निरनिराळे करावे. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र किंवा मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ज्याची शिफारस करते त्यामागे अशा चाचण्या असतात. साखळीवाल्याच्या पत्रकामागे बहुधा एक फोटो असतो.

खाण्याच्या पावडरींचे थोडक्यात सांगतो. डब्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक असावा. आणि मधुमेह, लकवा, कर्करोग बरा करतो अशी जाहिरात करणे हे १९५४ च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. असे सांगणाऱ्याच्या नादाने चालू गोळ्या कोणीही बंद करू नयेत.

पैसे कोणते घालायचे

वर सांगितलेल्या सगळ्या गोष्टींत कंपनी उतरली, माल चांगला आहे, विकायची हौस आहे, तर जरूर करावे. मात्र त्यात सोसायटीचे पीककर्ज घालू नये, बचत गटाची उचल घालू नये, सोने गहाण ठेवू नये. थेट विक्रीच्या खऱ्या धंद्याला मोठे भांडवल लागतच नाही. थोडा माल घ्यायचा, तो विकायचा, आलेल्या पैशातून पुढचा घ्यायचा. मोठी रक्कम एकदम मागतात तेथे माल विकला जात नसतो, आपण विकले जात असतो.

१९९० नंतरच्या काळात सागवानाच्या झाडांच्या योजना घराघरांत आल्या होत्या, जुन्या सभासदांना आठवत असतील. जमिनीच्या नावावर हप्ते गोळा करणाऱ्या पीएसीएल, म्हणजे पर्ल्स कंपनीचे एजंट तर आपल्यातलेच होते. सेबीने २०१४ साली तिला सुमारे ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला आणि २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने न्या. लोढा यांची समिती नेमली. २०१९ साली इस्लामपूर भागातून निघालेले कडकनाथ कोंबडीचे प्रकरण तर ताजेच आहे. या तिन्ही गोष्टी साबणाच्या साखळीपेक्षा निराळ्या. पण झाड असो, प्लॉट असो, कोंबडी असो, वस्तू पुढे धरून ओळखीच्या माणसाकरवी पैसा गोळा करायचा, ही रीत तीच. एजंट झालेल्या पोरांना पुढे गावात तोंड दाखवणे अवघड झाले, काहींनी स्वतःची गुरे विकून लोकांचे पैसे फेडले.

राहता राहिला भाचा. त्याला नाही म्हणायचे कसे, ही खरी अडचण. त्याच्याकडून एखादी वस्तू घ्यावी, रोख पैसे द्यावेत, बिल मागावे, आणि आयडी लावू नये. खरोखर माल विकणारा असेल तर तो गिऱ्हाईक मिळाले म्हणून खूश होईल. "वस्तू राहू दे मामा, आधी नाव घाला," असे म्हणाला, तर कंपनी कसली आहे ते त्यानेच सांगितले.

ज्यांनी अगोदरच पैसे भरले आहेत त्यांनी गप्प बसू नये. पावती, करार, बँकेतून गेलेल्या रकमेची नोंद, मोबाईलवरचे निरोप, सगळे जपून ठेवावे, काहीही पुसून टाकू नये. प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवावे. त्याने ४८ कामकाजाच्या तासांत पोच द्यावी आणि साधारण महिन्यात निकाल लावावा, असा २०२१ चा नियम आहे. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मुदत ठेव म्हणून किंवा व्याजाचा वायदा करून पैसे घेतले असतील तर ठेवीदारांच्या संरक्षणाचा राज्याचा १९९९ चा कायदा लागू होऊ शकतो. त्यासाठी पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे जावे लागते, आणि एकट्याने जाण्यापेक्षा गावातल्या सगळ्यांनी मिळून, प्रत्येकाची रक्कम आणि तारीख एका कागदावर लिहून गेले तर काम लवकर पुढे सरकते.